बाई, एकदा वाजवून दाखवा

४ फेब्रुवारी

धाकटे,

'अनेक आशीर्वाद' लिहायची आज इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही. आठ महिन्यांत तू मला दोन ओळी पाठवल्या नाहीस, मीही पाठवल्या नाहीत, आणि पुढची आठ वर्षं पाठवल्याही नसत्या. पण गेल्या रविवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडावर फेकणार?

आपल्या पियानो क्लासचा जाहीर कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं. तुझी भिंगरी सातव्या नंबरला. हो, तुझीच म्हणते. जाताना जी अकरा पोरं तू माझ्या गळ्यात मारून गेलीस आणि मी थोरल्या विद्यार्थिनींच्या हाती सोपवली, त्यांतली ती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, दहा वर्षांची, खुर्चीत दोन मिनिटं स्थिर बसेल तर शपथ. बाकीच्या दहांचं रडगाणं आज गात नाही. बोटं सपाट, पाठी वाकड्या, स्केल म्हटलं की घड्याळाकडे बघतात. पण भिंगरी वाजवायला लागली की क्लासच्या थोरल्या मुलीही कुजबुज थांबवतात, हे मी मान्य करते. जे आहे ते आहे.

तर ती वाजवत होती आणि मी पडद्याआड उभी होते. समोर नोटेशनची चार पानं, एका बाजूने छापलेली, मागे पुठ्ठा. दुसरं पान उलटताना तिने दोन पानं एकदम उलटली. जॅमने चिकटली असणार, तिच्या सगळ्या वह्या जॅमने माखलेल्या. आता वाजवायचं होतं तिसरं पान आणि समोर होतं चौथं. दुसरं कुठलंही पोर थांबलं असतं, चाचपडलं असतं, रडलं असतं. ही ढिम्म! चौथ्या पानाकडे डोळे लावून तिने तिसरं पान पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवलं. मग पान उलटायची वेळ झाली म्हणून ऐटीत हात उचलला, चौथं पान उलटलं आणि शेवटचं सगळं त्या तपकिरी पुठ्ठ्याकडे बघत वाजवलं. पुठ्ठ्याकडे! एक सूर चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर एक नवं पान ठेवलं. सोपं, दुसऱ्या परीक्षेची चिल्लीपिल्लीसुद्धा वाचतात असं. तिने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "बाई, एकदा वाजवून दाखवा ना." मी दाखवलं. तिने वाजवलं. जिथे मी पेडल दाबलं होतं तिथे पेडलसुद्धा दाबलं. मग मी दुसरं पान काढलं आणि उलटं ठेवलं, वरची बाजू खाली. तिने अगदी गंभीरपणे ते डावीकडून उजवीकडे न्याहाळलं आणि म्हणाली, "एकदा वाजवून दाखवा ना."

धाकटे, चार वर्षं! चार वर्षं तू तिला शिकवलंस आणि त्या पोरीला एक सूर वाचता येत नाही.

एकोणीस मार्चला तिची पाचवी परीक्षा आहे. चौथीपर्यंत अनोळखी पान नसतं, म्हणून हे तुझं बिंग फुटलं नाही. पाचवीला परीक्षक न पाहिलेलं पान समोर ठेवतो, अर्धं मिनिट देतो आणि म्हणतो, वाजव. ते आलं नाही तर पास होणं कठीण. आणि पाचवी पास नसेल तर संगीतशाळेची जागा विसरा. राहायला जागा, वाजवायला खरा पियानो, रोज शिक्षक, सगळं फुकट, आणि प्रवेश अकरा पूर्ण व्हायच्या आत. भिंगरी जूनमध्ये अकराची होते. यानंतर परीक्षा थेट ऑक्टोबरात. तिच्या घरी काय आहे तुला माहीत आहे. चार सप्तकांचा खेळण्यातला कीबोर्ड, त्यातल्या तीन पट्ट्या मुक्या.

तिला वाचायला का शिकवलं नाहीस, तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, तिला ऐकू येतं. ज्याला ऐकू येतं त्याला आधी वाजवू द्यावं, वाचणं मागून येतं. मी शिकवणारच होते, तेवढ्यात तू वीस पालकांसमोर मला म्हणालीस की मी मुलांना शिकवत नाही, खेळवते." वा! म्हणजे शेवटी दोष माझाच. बोलले मी तसं, नाकारत नाही. शब्द मागेही घेत नाही. पण वीस नव्हते, दहा-अकरा होते, आणि तू जी बॅग भरलीस ती एका वाक्यावरून भरलीस की कधीपासून भरत होतीस, हे तुझं तुला माहीत.

आणि 'मागून येतं' म्हणे! कुणाला आलं मागून? तुला? तू चौदा वर्षांची होईपर्यंत तुला नोटेशन म्हणजे मुंग्यांची रांग होती. हे जगात दोघींनाच माहीत आहे. आईला मरेपर्यंत कळलं नाही. दुपारी आई झोपली की मागच्या खोलीचं दार लावून त्या जुन्या पियानोवर मी तुला नवीन धडा दोनदा वाजवून दाखवायची, पायाखाली मऊ पेडल दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तू खाटेवर उताणी पडून ऐकायचीस, पाय भिंतीला लावून. संध्याकाळी आईसमोर पान ठेवून वाजवायचीस आणि आई म्हणायची, "बघ, धाकटी किती पटकन वाचते." मला तोच धडा बसवायला तीन आठवडे लागायचे. तेव्हा हे कसं चालतं ते मला शिकवू नकोस. मी तुझी शिक्षिका होते, बिनपगारी, बिननावाची.

तेव्हाच आईला सांगायला हवं होतं मी. दोन थपडा तू खाल्ल्या असत्यास, दोन मी, आणि तू वाचायला शिकली असतीस. मग भिंगरीलाही शिकवलं असतंस. जे आपल्यालाच नीट आलं नाही ते तू तिला शेवटपर्यंत टाळत राहिलीस, असं मला वाटतं. झोंबलं तर झोंबू दे.

आता माझ्या पद्धतीने. आजपासून भिंगरीसमोर कुणी काही वाजवायचं नाही. मी नाही, पोरी नाहीत, टेप नाही. पाच आठवडे आहेत.

ताई

१ मार्च

धाकटे,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरं केलंस. मला तरी कुठे वेळ आहे?

रोज शाळा सुटली की येते. पियानोचं झाकण बंद. आधी पान वाचायचं, तोंडाने सुरांची नावं म्हणायची, मगच झाकण उघडायचं. पहिले चार दिवस तिला वाटलं हा काहीतरी नवीन खेळ आहे. पाचव्या दिवशी कळलं की खेळ नाही. ती पानावर बोट ठेवून एकेक सूर शोधते, वरून खाली रेघा मोजते, ओठ चावते. एवढी चपळ पोर, सुईत दोरा न जाणाऱ्या म्हातारीसारखी होऊन बसते. आणि मला राग येतो. तिचा, तुझा, त्या पाच रेघांचा. परवा मी फूटपट्टी आपटली. तिच्या हातावर नाही, झाकणावर. पण ती दचकली, आणि जाताना "येते बाई" म्हणाली नाही.

तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हते? थांब. अजून ऐक. तिचे परीक्षेचे तीन धडे, जे ती डोळे मिटून वाजवायची, ते आता अडखळतात. मध्येच थांबते आणि पान शोधते. पान सापडत नाही म्हणून हात थांबतात. ऐकणं गेलं आणि वाचणं आलं नाही, अशी अवस्था करून ठेवली मी दोन आठवड्यांत. घे, लिहिलं एकदाचं.

काल तिचा बाप वर आला. एरवी खाली जिन्यातच बसतो, अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं आता हा माणूस पोरीला क्लासमधून काढणार. म्हणाला, "बाई, घरी ती कीबोर्डला हातच लावत नाही. आजारी आहे का काय?"

मी सगळं सांगितलं. वाचता येत नाही हे, परीक्षा आहे हे, मी ओरडते हेही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी लिफ्टच्या मोटारीला कान लावला की कुठे काय झिजलंय ते सांगतो. इंजिनियर लोक मला बोलावतात त्यासाठी. पण मला ते वायरिंगचे नकाशे वाचता येत नाहीत. पंधरा वर्षं झाली, माझ्यामागून आलेली मुलं हेड मेकॅनिक झाली. मी अजून पिशवीवालाच. ती तुम्हाला घाबरली तर घाबरू दे. पण बाई, वाचायला शिकवा तिला."

धाकटे, त्या माणसापुढे मला तुझाही राग करता येईना आणि माझाही.

संध्याकाळी मी झाकण उघडलं आणि तिला तिचे तिन्ही धडे पान न ठेवता वाजवायला सांगितले. चेहरा असा उजळला! सगळं जसंच्या तसं परत आलं. मग म्हटलं, आता पंधरा मिनिटं माझी. आता असंच चाललंय. उजवा हात वाचते, हळू, पण वाचते. डावा अजून नाही.

तू असतीस तर हे मला दोन आठवडे आधी सुचलं असतं. ही स्तुती नाही.

ताई

१९ मार्च, संध्याकाळ

परीक्षा झाली. सत्यानाश झाला. लिहून काढते, नाहीतर कुणाचा तरी गळा धरीन.

लांबलचक व्हरांडा, दाराशेजारी लाकडी बाक. आत परीक्षक आणि पियानो. भिंगरीच्या आधी दोन वेण्यांची एक मुलगी होती, दुसऱ्या क्लासची, तीही पाचवीचीच. ती बाहेर आली, भिंगरी आत गेली. तिन्ही धडे इतके सुरेख झाले की व्हरांड्यातला शिपाई हातातला चहा विसरून उभा राहिला. स्केल स्वच्छ. मग शांतता, अर्धं मिनिट, अनोळखी पान. मग वाजलं, दोन्ही हातांनी, झपाझप. मग दार उघडून परीक्षक म्हणाला, "हिच्या शिक्षिका कोण? जरा आत या."

माणूस वाईट नव्हता, हे पहिल्यांदा लिहिते, कारण दुपारभर मी त्याला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. त्याने पान माझ्यासमोर धरलं. "ठोक्यांच्या चौथ्या घरात काळी पट्टी आहे. हिने पांढरी वाजवली. ठीक आहे, चूक होते. पण आधीच्या मुलीनेही तिथे पांढरीच वाजवली होती. सहाव्या घरात आधीची मुलगी अडखळली, दोन सूर पुन्हा वाजवले. हिनेही तेच दोन सूर पुन्हा वाजवले, तितकंच थांबून. बाई, चूक दोघींची एक होऊ शकते. अडखळणं एक कसं होईल?"

लक्षात आलं का तुझ्या? पोरीने बंद दाराआडून एकदा ऐकलं आणि आत जाऊन जसंच्या तसं वाजवलं. अडखळण्यासकट! तिला वाटलं ते अडखळणं धड्यातच आहे.

परीक्षकाने मला विचारलं, "हिला हे पान आधीच माहीत होतं का?" भिंगरी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "मला कल्पना नाही."

भिंगरी म्हणाली, "मी ऐकलं. बाहेरून."

त्याने दुसरं पान ठेवलं. उजव्या हाताने सात-आठ सूर वाचले तिने, एकेक करून, बरोबर, मुंगीच्या पावलाने. डाव्याला हात लावला नाही. वाचनाचे गुण शून्य. एकूण तीन गुणांनी नापास. मी त्याला म्हटलं, बंद दारातून दोन हातांचं एकदा ऐकून उचलते ही पोर, तुमच्या आख्ख्या यादीत दुसरं कोण आहे असं? तो म्हणाला, "कुणीच नाही. पण मी वाचनाची परीक्षा घेतोय." खरं तेच बोलला मेला.

जागा गेली. बापाला जिन्यात सांगितलं. त्याने पिशवी खांद्याला लावली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "चल" म्हणाला.

ताई

२१ मार्च

धाकटे,

परवाच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. टपालात टाकून आले तेव्हाच कळलं की गाळली. दोन दिवस झोप नाही.

मी त्या बाकावर तिच्याशेजारी बसले होते. आतलं मलाही ऐकू येत होतं. आधीची मुलगी अनोळखी पान वाजवत होती तेव्हा भिंगरीची बोटं तिच्या गुडघ्यावर हलत होती. मी पाहिलं. मला कळलं ती काय करतेय. तिला उठवून व्हरांड्याच्या टोकाला न्यायला हवं होतं. मूग गिळून बसले. मनात म्हटलं, जाऊ दे, पास होईल, जागा मिळेल. वर आणखी एक. चौथ्या घरातली चूक माझ्या कानाला लगेच टोचली. सुराचा सगळा रोखच सांगत होता की तिथे काळी पट्टी हवी. तिला ते सांगितलं असतं तर ती लबाडी. आणि न सांगता नुसतं बसून राहिले ती काय होती? आणि मग आत त्या माणसासमोर "मला कल्पना नाही" म्हणाले. दहा वर्षांच्या पोरीने खरं सांगितलं, पंचवीस वर्षं परीक्षेला मुलं बसवणाऱ्या बाईने नाही.

जिन्यावरून उतरताना भिंगरीने माझा हात धरला. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, कुठे चुकलं? तिथे काय पाहिजे होतं?"

मला पायरी दिसेना.

तू दहा वर्षांची होतीस. कार्यक्रमाआधी आठ दिवस आईने तुला नवा धडा दिला आणि त्याच आठवड्यात ती तापाने पडली. मला म्हणाली, धाकटीकडून बसवून घे. मी मागच्या खोलीत तुला वाजवून दाखवलं, नेहमीसारखं दोनदा. शेवटच्या ओळीत काळी पट्टी होती. मी पांढरी वाजवली.

चुकून नाही, धाकटे. दोन्ही वेळा. मी आधी ठरवलं होतं.

सभागृहात आईचे गुरुजी पहिल्या रांगेत होते. तू सगळं सोन्यासारखं वाजवलंस आणि शेवटच्या ओळीत ती पांढरी पट्टी ठणकन वाजली. खात्रीने वाजवलीस, म्हणून आणखी वाईट ऐकू आली. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "बहिरी झालीस का?" त्यानंतर तू स्टेजवर कधी चढली नाहीस. पुढच्या वर्षी कार्यक्रमातला मानाचा शेवटचा नंबर मला मिळाला, आणि पुढे आईचा क्लासही.

घरी जाताना तू माझा हात धरून विचारलं होतंस, "ताई, कुठे चुकलं गं?" मी सांगितलं, तुझा कान चुकला.

तुझा कान चुकला नव्हता. तू जे ऐकलंस तेच वाजवलंस. चौतीस वर्षं तू स्वतःच्या कानाला दोष देत आलीस आणि मी देऊ दिला. तू परक्या पोरांच्या कानावर एवढा विश्वास टाकलास याचा मला राग यायचा. का यायचा ते आता लिहायला नको.

आता कामाचं. काल मी भिंगरीच्या बापाला घेऊन संगीतशाळेत गेले. मुख्याध्यापिकेला सगळं सांगितलं, बाकावरचंसुद्धा. ती म्हणाली, प्रमाणपत्र नसेल तर एकच वाट आहे. मुलीला शिकवलेल्या दोन शिक्षकांनी लेखी शिफारस केली तर शाळा तिला स्वतः ऐकते. एक सही मी केली. दुसरी जागा तुझी आहे. तिला चार वर्षं तू शिकवलंस, मी पाच आठवडे.

फॉर्म सोबत जोडला आहे. आधी फॉर्म पाठवून सही आल्यावर हे पत्र लिहिता आलं असतं. डोक्यात आलंही होतं. पण तशी सही मला तुझ्याकडून घ्यायची नाही. आता तू फाडलास तर माझ्यामुळे पोरीचं दुसऱ्यांदा नुकसान होईल, हेही मला कळतं. फाडू नकोस एवढंच म्हणते. माझ्यासाठी नाही.

ताई

१४ एप्रिल

धाकटे,

तुझा लिफाफा आला. आत सही केलेला फॉर्म. मी लिफाफा उलटा करून झटकला. आत बोट घालून पाहिलं. एक ओळ नाही! 'शिक्षिकेचे मत' या रकान्यात भिंगरीबद्दल इतकं छान लिहिलंस, आणि माझ्यासाठी एक शिवीसुद्धा नाही? चिठोरं तरी टाकायचं होतंस.

असो. काल तिला ऐकलं.

शाळेची खोली मोठी, पियानो इतका लांब की भिंगरीने आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. धडे वाजवले. मुख्याध्यापिका नुसती लिहीत होती. मग तिने अनोळखी पान ठेवलं.

भिंगरी म्हणाली, "मला हे हळू वाचता येतं. डावा हात तर खूपच हळू. पण तुम्ही एकदा वाजवून दाखवलंत तर लगेच येईल." असं तोंडावर! बापाने मान खाली घातली. मुख्याध्यापिका हसली, पियानोपाशी बसली आणि पान वाजवून दाखवलं. भिंगरी शेजारी उभी राहून ऐकत होती. पण या वेळी ती वर कुठेतरी बघत नव्हती, तिचं बोट पानावरून सरकत होतं, मी दोन महिने ओरडून ओरडून सरकवायला लावलं तसं. मध्येच बोट थांबलं. वाजवणं संपल्यावर ती म्हणाली, "बाई, तुम्ही इथे पांढरी वाजवलीत. पानावर काळी आहे."

मुख्याध्यापिकेने चष्मा लावून पाहिलं. काळीच होती. तिने मुद्दाम केलं की चुकून, मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. भिंगरी बसली आणि जे पानावर होतं ते वाजवलं, बाईंनी वाजवलेलं नाही.

जागा मिळाली. जूनपासून. बाप बाहेर आल्यावर शाळेच्या लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला, दाराला कान लावला आणि मला म्हणाला, "केबल घासतेय, यांना सांगायला पाहिजे." म्हणजे त्याला बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी बसमध्ये रडले. लोक बघत होते, बघू देत. माझ्या डोळ्यासमोर ते बोट होतं, पानावर थांबलेलं. धाकटे, दहाव्या वर्षी तुला हे येत असतं तर तू खाटेवरून उठली असतीस, पान माझ्या नाकासमोर धरलं असतंस आणि म्हणाली असतीस, ताई, इथे काळी आहे. तिथल्या तिथे पकडलं असतंस मला. आणि वाचायला तुला शिकवू शकणारी एकच होती त्या घरात. तिला ते रोज दुपारी दहा-दहा मिनिटांत जमलं असतं. तिने शिकवलं नाही, कारण तुला वाचता आलं असतं तर तुला तिची गरज उरली नसती. मी चौदा वर्षांची होते म्हणून स्वतःला माफ करत आले. नंतर मी चोवीसची झाले, चौतीसची झाले, आणि तरी तोंड उघडलं नाही.

तू गप्प आहेस. तुझं हे गप्प राहणं मी ओळखते, लहानपणी दोन-दोन दिवस चालायचं. इतकी वर्षं मी एकटीच रागावत आले, कधी तुझ्या पोरांवर, कधी तुझ्या शिकवण्यावर, कधी तू बॅग भरलीस त्यावर. माझा राग संपला. तुझा तर अजून सुरूही झाला नाही, आणि तो माझ्यापेक्षा खरा आहे.

कागदावर भागणार नाही ते. भांडायला ये.

ताई